पाणवाटेवरची तार

ती वाट नकाशावर मी आणली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरेच दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव बेडशाजवळ, डोंगराच्या कुशीत. गावाच्या कडेला आमची वस्ती. आयटीआय झाल्यावर मी तळेगावच्या एका कारखान्यात लागलो आणि तिथलाच झालो. काम क्वालिटीचं, म्हणजे आलेला पार्ट मोजायचा आणि बरोबर की चूक ते लिहायचं. छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून सांगितलं, तेव्हा मी जाड टायरची, डोंगरात चालणारी सायकल घेतली. बायको म्हणाली, दोन महिन्यांत गॅलरीत पडेल. पडली नाही. दर रविवारी कारखान्यातले आम्ही चौघे-पाच जण बाहेर पडायचो. कधी तुंगार्लीच्या तलावावरून पुढे, कधी पवनेच्या बाजूला.

सायकलवाल्यांच्या फोनमध्ये एक ॲप असतं. तुम्ही कुठून कुठे गेलात, किती चढलात, किती वेळ लागला, सगळं ते टिपून ठेवतं आणि इतरांना दाखवतं. एखादी वाट त्यात नसेल तर ती तुम्ही घालू शकता. तुमच्या मागून कुणी तिथे गेलं की नकाशावरची ती रेघ थोडी ठळक होते. जितके जास्त लोक जातील तितकी ती लाल होत जाते.

आमच्या वस्तीपासून वर पठारावर जाणारी एक वाट होती. पठारावर कातळात खोदलेलं एक टाकं आहे, त्यात वैशाखातही पाणी असतं. आई लग्न होऊन आली तेव्हा गावात विहीर होती आणि ती आमच्यासाठी कुणी बंद केलेली नव्हती. फक्त तिथं आधी कुणाचा हंडा भरायचा हे ठरलेलं होतं, आणि उन्हाळ्यात आमची पाळी येईपर्यंत खाली गाळच उरायचा. म्हणून आमच्या बायका वर जायच्या. एक हंडा डोक्यावर, एक कळशी कमरेवर. पुढे नळ आला आणि त्या वाटेनं गुराख्यांशिवाय कुणी जाईना.

आई गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी सायकल घेऊन त्या वाटेनं खाली उतरलो. वर कारवीचं रान, मधे दोन वळणं, मग मोकळा उतार, आणि सरळ वस्तीत. खाली आलो तेव्हा मी एकटाच हसत होतो. घरी येऊन ती वाट ॲपमध्ये घातली. नाव दिलं पाणवाट. दोन दिवसांनी तिच्यापुढे हिरवी खूण आली, म्हणजे वाट मंजूर. गावच्या नकाशात ती नव्हती, सरकारी नकाशात नव्हती. मला खूप बरं वाटलं होतं. बायकोला दाखवलं, मुलीला दाखवलं.

लोक यायला लागले. आधी तळेगावचे, मग चिंचवडचे, मग पुण्याचे. वस्तीतलं पहिलं घर माझ्या चुलतीचं. ती त्यांना पाणी द्यायची, कुणी थांबलं तर चहा करायची. मी गावाला गेलो की सांगायची, "तुज्या सायकलवाली मान्सं लय गोड बोलत्यात. एक बाई तर माजा फोटू काडून गेली."

दोनेक वर्षं अशी गेली. मग वाटेच्या खालच्या टप्प्याची जमीन विकली गेली. ती गावातल्या एका जुन्या घराण्याची, वरकस, नाचणीशिवाय काही न येणारी. ज्यांची होती त्यांना सगळे आबा म्हणतात. पुण्याच्या एका पार्टीनं ती बंगल्यांसाठी घेतली आणि पावसाळ्यातच तिला काटेरी तार घातली. लोखंडी अँगल, त्यांना हिरवा रंग, आणि तारेच्या चार ओळी. मोकळ्या उतारावर जिथं सायकल सगळ्यात जोरात असते, तिथं बरोबर आडवी.

मी ती पाहिली गणपतीच्या सुट्टीत. पायीच वर गेलो होतो म्हणून बरं. गवत तेव्हाच कमरेला लागत होतं. खालच्या तारा गवतात बुडाल्या होत्या, सगळ्यात वरची छातीच्या उंचीला होती आणि दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नव्हती.

मी तसाच आबांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"आबा, वाटंवर तार घातलीय त्यांनी."

"मंग? ज्याची जमीन त्याची तार. माजं काय न्हाई आता त्यात."

"पण वाट हाय ना तितं."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुटं हाय? कागदावर दाव."

ते रागानं बोलले नव्हते. जमीन विकताना 'यातून वाट जात नाही' असं त्यांनी लिहून दिलं असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी परत जाऊन खताच्या पिशवीच्या पांढऱ्या पट्ट्या फाडल्या आणि तारेला बांधल्या. आठ-दहा बांधल्या असतील. मग तळेगावला आलो आणि फोन हातात घेतला.

खरा ताप तिथे सुरू झाला. वाट मी घातली होती, पण ती मला काढता येईना. माझी स्वतःची नोंद मी पुसली, पण रेघ तशीच राहिली, कारण तिच्यावरून आता शेकडो लोक गेले होते आणि ॲपच्या हिशेबी ती त्यांचीही होती. नाव बदलून 'तार आहे, जाऊ नका' असं करायला गेलो, तर नाव बदलायची मुदत संपली म्हणे. मग वाट बंद असल्याची तक्रार टाकली. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. चार दिवसांनी दुसरं उत्तर आलं की उपग्रहाच्या चित्रात वाट उघडी दिसते, पुरावा द्या. ते चित्र आदल्या उन्हाळ्याचं होतं. मी तारेचा फोटो पाठवला. एका दिवसासाठी वाटेवर 'बंद' असा शिक्का आला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी अनोळखी माणसानं तो काढून टाकला आणि खाली लिहिलं, मी गेल्या वर्षी गेलो होतो, वाट उत्तम आहे. मी पुन्हा शिक्का टाकला. त्यानं पुन्हा काढला. शेवटी मला सूचना आली की वारंवार बदल केल्यामुळे तुमचे बदल महिनाभर तपासून घेतले जातील.

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवरही मी लिहिलं. वीस-पंचवीस अंगठे आले. ग्रुपमधले त्या वाटेला गेले नाहीत. पण वाटेवर येणारे निम्मे लोक त्या ग्रुपमध्ये नव्हतेच.

या सगळ्यात तीन रविवार गेले. त्या तीन रविवारी मी काय केलं हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. एका रविवारी आम्ही तुंगार्लीला गेलो होतो आणि वर जाऊन वडापाव खाल्ला होता. एका रविवारी मुलीची परीक्षा होती. एका रविवारी काहीच नव्हतं, मी घरी झोपलो होतो. तळेगावहून गावाला मोटारसायकलनं पाऊण तास लागतो. मला वाटत होतं की मी माझं काम केलंय. फोनवर खूण केली, तक्रार टाकली, उत्तराची वाट पाहतोय.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी चुलतीचा फोन आला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते. त्या दिवशी हळू बोलत होती.

"हितं तारंत एक सायकलवाला आडकलाय. रगत लय गेलंय. तुमच्यातलाच आसल. तू ये."

मी तिला एकशे आठला फोन लावायला सांगितलं. तिला ते नीट सांगता येईना, म्हणून मीच लावला. गाडी कुठे पाठवू विचारलं तेव्हा मी गावाचं नाव, शाळेची खूण, वस्तीचा रस्ता असं सगळं तोंडी सांगितलं. नकाशावरची वाटेची जागा पाठवली असती तर गाडी ती सुरू होते तिथे, वर पठाराकडे गेली असती.

मी पोचलो तेव्हा त्याला तारेतून काढून चुलतीच्या दारात आणलं होतं. वस्तीतल्या चौघांनी गोधडीत घालून आणला होता. पस्तिशीचा असेल. हनुवटीखाली आणि मानेच्या उजव्या बाजूला चुलतीनं लुगड्याचा बोळा दाबून धरला होता आणि तो लाल झाला होता. तो शुद्धीवर होता. उजवा हात बाजूला पडला होता, जसा काही त्याचा नव्हताच.

"हात कुठे गेला माझा?" तो मला म्हणाला. "दादा, हात आहे का बघा."

"आहे," मी म्हणालो. "आहे, बोलू नका तुम्ही."

चुलती म्हणाली, "मी भाकरी थापत व्हते. आवाज आला तर म्या म्हनलं माकडं आसतील. मंग वरडला."

तारेवरच्या माझ्या पट्ट्या नव्हत्या. पार्टीनं ठेवलेल्या रखवालदारानं त्या सोडून टाकल्या होत्या. मालक येणार होते आणि चिंध्या बऱ्या दिसत नाहीत, असं त्यानं नंतर मला सांगितलं. तो साधा माणूस होता, विदर्भातून कामासाठी आलेला. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

ॲम्ब्युलन्समध्ये मी त्या सायकलवाल्याबरोबर बसलो. त्याचा फोन माझ्या हातात होता, काच फुटलेली, पण ॲप चालू होतं आणि वेळ मोजत होतं. मी ते बंद करायला गेलो तर विचारलं, ही राइड जतन करायची का. मी काहीच दाबलं नाही.

रुग्णालयात त्याची बायको आली. बारीक चणीची, शाळेत शिक्षिका होती. तिला सगळ्यात आधी हेच सांगायचं होतं की ती घरून बघत होती. तिच्या फोनवर त्याचा ठिपका हलताना दिसायचा, तशी सोय त्यांनी मुद्दाम करून घेतली होती.

"ठिपका थांबलेला दिसत होता," ती म्हणाली. "तिथे एक मावशी चहा देतात असं ते सांगायचे. मला वाटलं, चहाला थांबलेत. मी तासभर काहीच केलं नाही."

मी म्हणालो, तुम्हाला कसं कळणार होतं. ती मान हलवत राहिली.

मानेची जखम भरली. हाताचं मात्र वाईट झालं. वेगात खांदा आणि मान विरुद्ध बाजूंना ओढली गेली होती आणि हाताला जाणाऱ्या नसा मुळातून तुटल्या होत्या. एक ऑपरेशन झालं, मग दुसरं. तो चाकणला टूलरूममध्ये होता, बारीक फिटिंगचं काम करायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक बोटानं ओळखता येतो अशी माणसं असतात, त्यांतला. मी क्वालिटीचा माणूस आहे, मला त्या बोटांची किंमत कळते.

मी त्याला भेटायला जात राहिलो. मी त्याला वाचवलं असंच ते धरून चालले होते. त्याची बायको डबा उघडून आधी मला वाढायची. आमच्या कारखान्यात अपघात झाला की एक फॉर्म भरावा लागतो, त्यात का, का, का असं पाच वेळा विचारतात आणि शेवटच्या 'का'ला खरं कारण सापडतं म्हणतात. मी रुग्णालयाच्या बाकावर बसून तो फॉर्म मनात भरायचो आणि चौथ्या 'का'पाशी थांबायचो.

दिवाळीनंतर तो घरी आला. चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मी गेलो तेव्हा तो सोफ्यावर बसून डाव्या हातानं फोन चाळत होता.

"हे बघा," त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "अजून आहे. लाल रेघ. मी पडल्यानंतरसुद्धा सात जण तारेपर्यंत जाऊन परत फिरलेत. आणि त्यामुळे रेघ अजून लाल झाली." मग त्यानं बोटानं खाली दाखवलं. "वाट कुणी घातली त्याचं नावही असतं. खरं नाव नाही, टोपणनाव. तुम्ही त्या भागातले. ओळखता का याला?"

मी म्हणालो, "तो मीच."

त्याची बायको आतून चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

त्यानं फोन सोफ्यावर ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "तुम्हाला तार माहीत होती?"

"हो."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"मग तिथे एखादी फळी नाही लावलीत?"

"पट्ट्या बांधल्या होत्या. त्या कुणीतरी काढल्या. आणि मी ॲपवर कळवलं होतं. पुष्कळदा कळवलं."

"ॲपवर," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. तो शब्द त्यानं नुसता उच्चारून बघितला. मी तारीखवार सांगायला लागलो, कधी तक्रार टाकली, कधी फोटो पाठवला, कसं उलट माझ्यावरच बंधन घातलं. सांगता सांगता मलाच माझा आवाज ऐकू यायला लागला. त्याच्या बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला.

"तुम्ही आता जा," ती म्हणाली. "चहा घेऊन जा म्हणणार नाही मी."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून गावाला गेलो. दोन फळ्या नेल्या होत्या, ऑइलपेंटनं लाल अक्षरांत लिहिलेल्या. एक वर कारवीच्या तोंडाशी ठोकली, एक वळणावर. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. ठोकून झाल्यावर मी तिथंच खाली बसलो.

पुढे त्याच्या बायकोनं पोलिसांत तक्रार दिली. जुन्या वाटेवर कुठलीही खूण न लावता तार घातली, अशी. जमीनमालकाच्या माणसानं उत्तर दिलं की तिथं वाट नव्हतीच, हा माणूस खाजगी जागेत घुसला. आबांचा जबाब झाला. त्यांनीही सांगितलं, वाट न्हवती. तिनं मला फोन केला. घरातून घालवल्यानंतरचा तो पहिला फोन.

"तुम्ही ती वाट घातली होती," ती म्हणाली. "ती वाट आहे हे दाखवणारं आमच्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही याल?"

मी जाणार होतोच. पण त्याच आठवड्यात मला ॲपकडून पत्र आलं. तुमच्या विनंतीचा विचार करून ही वाट नकाशावरून कायमची काढून टाकण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी फोन उघडून पाहिलं. डोंगर होता, टाकं होतं, वस्तीची घरं होती, आणि मधे काही नव्हतं. नुसता हिरवा रंग. माझी स्वतःची पहिली नोंद तर मीच आधी पुसली होती. मी पुन्हा पत्र लिहिलं, की निदान जुना नकाशा तरी द्या. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

त्याची त्या दिवसाची राइड तेवढी त्याच्या फोनमध्ये होती. ठाण्यातल्या हवालदारानं ती नीट पाहिली. वरून निघालेली एक रेघ, तारेपाशी थांबलेली, आणि मग ॲम्ब्युलन्सबरोबर रस्त्यानं गेलेली.

"यात वाट कुठं दिसतेय?" तो म्हणाला. "यात फक्त हे कुठून गेले ते दिसतंय."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

मी हे चुलतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून संपवली, हात धुतले आणि म्हणाली, "मी सांगते की. वाट न्हाई म्हंजे? तीस वर्सं हंडे वायलेत आमी त्या वाटंनं. आबाच्या बायकूनं बी पायलंय." मग शेजारच्या दोघींना हाक मारली. तिघी माझ्याबरोबर आल्या. पोलीस ठाण्यात खुर्च्या होत्या तरी चुलती उभी राहून बोलली. हवालदारानं वाट किती रुंद होती विचारलं, तर ती म्हणाली, "दोन बाया समोरून आल्या तर एकीनं थांबाया लागायचं, येवडी." त्यानं ते तसंच लिहून घेतलं.

त्यानंतर गावात आबांच्या घरचं कुणी आमच्याशी बोलत नाही. चुलतीला दुकानात सगळ्यांच्या शेवटी सामान मिळतं. तिला त्याचं काही वाटत नाही असं ती म्हणते. तारेच्या जागी आता सिमेंटची भिंत झाली आहे. प्रकरण चालू आहे, तारखा पडतात. मी प्रत्येक तारखेला जातो. मी सायकल विकली नाही, पण चालवतही नाही. ती गॅलरीत आहे.

गेल्या महिन्याच्या तारखेला तोही आला होता. उजवा हात खिशात घातलेला, कारण तो लोंबतो ते त्याला आवडत नाही. टूलरूममधून त्याला स्टोअरला बदललं आहे, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. माझ्याकडे पाहून त्यानं नुसती मान हलवली. एका कागदावर आम्हा सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. आधी मी केली, मग चुलतीनं केली. मग कागद त्याच्यापुढे आला. त्याच्या बायकोनं कागदाची कड दाबून धरली आणि तो डाव्या हातानं एकेक अक्षर काढायला लागला. बराच वेळ लागला. मागे रांगेत लोक होते, पण कुणी घाई केली नाही.